एका मताने वाचलेली वेस

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा सोबत एक प्रेमळ सूचनाही होती. नुसतं प्रवासवर्णन नको, आपल्या सभासदांना जवळचं वाटेल असं काहीतरी लिहा. सूचना रास्त आहे. हल्ली कोण कुठे फिरायला गेलं आणि तिथे काय खाल्लं, हे मंडळी घरी परतायच्या आधीच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणून बाकीची सगळी सहल बाजूला ठेवून मी एकाच वास्तूबद्दल लिहिणार आहे. ही वास्तू म्हणजे उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहराची जुनी वेस. तिचं नाव होल्स्टेनटोर. 'टोर' म्हणजे दरवाजा. पश्चिमेच्या होल्श्टाइन प्रांताकडे जाणारा रस्ता या दरवाजातून बाहेर पडायचा, म्हणून होल्स्टेनटोर. आपल्याकडे शनिवारवाड्याचा दिल्लीकडे तोंड असलेला तो दिल्ली दरवाजा, तसंच.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीची सगळी वर्षं सरकारी बांधकामांवर गेली. त्यामुळे कुठलीही इमारत दिसली की माझी नजर आधी पायाकडे आणि मग भिंतीवरच्या भेगांकडे जाते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ही सवय सुटलेली नाही. "लोक देवळात जाऊन देव बघतात, तुम्ही तुळया बघता," असं आमची ही नेहमी म्हणते. लेक आणि जावई सध्या हॅम्बुर्गला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी नातवाला घेऊन आम्ही आगगाडीने ल्युबेकला गेलो. जेमतेम पाऊण तासाचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं सरळ चाललं, खंदकावरचा पुतळ्यांनी सजवलेला जुना पूल ओलांडला, की समोर हिरवळीवर ही वेस उभी.

पाहताक्षणी लक्षात येतं की काहीतरी वाकडं आहे. दोन भले मोठे गोल बुरूज, त्यांच्या डोक्यावर उंच शंकूसारखी काळसर छपरं, मध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या टोकेरी माथ्याची इमारत, आणि हे दोन्ही बुरूज किंचित एकमेकांकडे झुकलेले. दोन म्हातारे बाकावर बसून हळू आवाजात काही बोलत असावेत, तसे. नातवाने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, हे पडणार आहे का?"

"नाही पडणार," मी म्हटलं. पण असं वाकडं होऊनही ते का पडलं नाही, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

ल्युबेकचं जुनं गाव म्हणजे पाण्याने वेढलेलं बेट. ट्रावे नदी आणि तिची उपनदी वाकेनित्झ यांच्या मधला हा उंचवटा. ११४३ मध्ये इथे वस्ती बसवली गेली आणि १२२६ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तिला 'स्वतंत्र शहर' असा दर्जा दिला. म्हणजे वर कोणी सरदार नाही, जहागीरदार नाही. शहराचा कारभार शहराची परिषद बघणार, आणि तिच्या वर फक्त सम्राट. हे स्वातंत्र्य थेट १९३७ पर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षं टिकलं. बाल्टिक समुद्रावर व्यापार करणाऱ्या शहरांनी एकत्र येऊन जो हान्सा संघ स्थापला, त्याचं ल्युबेक हे अग्रणी शहर. राजा नाही, सैन्याचा मोठा पसारा नाही, तरी हा व्यापाऱ्यांचा संघ राजांशी तह करायचा आणि वेळ पडली तर युद्धही करायचा. संघाच्या सभा बहुतेक ल्युबेकमध्येच भरायच्या. एका अर्थाने तीही सहकारी संस्थाच. फक्त सभासद म्हणून माणसांऐवजी शहरं.

पैसा आला कशातून? मिठातून आणि मासळीतून. आज वेशीला लागूनच नदीकाठी सहा जुन्या विटांच्या इमारती उभ्या आहेत. त्या मिठाच्या वखारी. ल्युनेबुर्ग गावच्या खाणीवजा झऱ्यांमधलं मीठ आधी रस्त्याने आणि १३९८ नंतर खास खोदलेल्या कालव्याने ल्युबेकला यायचं. इथून ते जहाजांत भरून स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्याकडे जायचं. तिथे हेरिंग नावाच्या माशाचे थवेच्या थवे यायचे. ते मासे मिठात घालून पिंपांत भरले की महिनोन्‌महिने टिकायचे. युरोपात तेव्हा उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालायचे, आणि उपासाचे दिवस वर्षात भरपूर. त्यामुळे खारवलेल्या हेरिंगला मरण नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या बेगमीला सुकट आणि खारा बांगडा घरात भरून ठेवतात. त्याचाच हा अवाढव्य, अर्ध्या खंडाला पुरणारा अवतार म्हणा ना.

अशा श्रीमंत गावाला मजबूत वेस हवीच. १४६० मध्ये शेजारच्या होल्श्टाइनची सत्ता डेन्मार्कच्या राजाकडे गेली, म्हणजे राजा थेट दारात येऊन बसला. शिवाय तोफांचं युग सुरू झालं होतं. जुन्या पातळ भिंती आता कामाच्या नव्हत्या. योहान ब्रोलिंग नावाच्या नगरपरिषदेच्या एका सदस्याने आपल्या मृत्युपत्रात वेशीसाठी ल्युबेकचे चार हजार मार्क ठेवले होते. त्यानंतर १४६४ मध्ये नगर-बांधकामप्रमुख हिनरिक हेल्मश्टेडे याने काम सुरू केलं आणि १४७८ मध्ये ते पुरं झालं. चौदा वर्षं! आपल्या इमारतीचा ताबा ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा मिळाला म्हणून आपण किती आरडाओरडा केला होता, ते जुन्या सभासदांना आठवत असेल.

आता माझ्या विषयाकडे येतो. नदीकाठची जमीन दलदलीची. वेस उठून दिसावी, तोफांना उंची मिळावी, म्हणून सुमारे सात मीटर उंचीचा भराव घालून त्यावर ती उभारली. नरम जमीन, त्यावर ताजा भराव आणि त्यावर विटांचं एवढं ओझं. कोणताही साइट इंजिनिअर डोक्याला हात लावेल. व्हायचं तेच झालं. बांधकाम चालू असतानाच दक्षिणेचा बुरूज खचायला लागला. हेल्मश्टेडेने वरचे थर रचताना तो कल सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणजे वेस पुरी व्हायच्या आधीच तिची पहिली दुरुस्ती सुरू झाली होती.

इमारत खचते म्हणजे लगेच पडतेच असं नाही, हे इथे सांगायला हवं. प्रत्येक इमारत थोडीफार बसतेच. सगळी इमारत एकसारखी बसली तर काही बिघडत नाही. एक बाजू बसली आणि दुसरी जागेवर राहिली, की मात्र भेगा पडतात. आमच्या भाषेत याला असमान खचणं म्हणतात. होल्स्टेनटोरचं दुखणं तेच. चार शतकांत वेस इतकी खाली गेली की तळमजल्यावरची तोफांची भोकं आज जमिनीच्या अर्धा मीटर खाली गडप झाली आहेत.

बाहेरून, म्हणजे शत्रू येईल त्या बाजूने, भिंत साडेतीन मीटर जाडीची आहे. बुरूज पुढे आलेले, खिडक्या मोजक्या, तोफांची तोंडं रोखलेली. आतून, म्हणजे गावाच्या बाजूने, भिंत एक मीटरसुद्धा जाड नाही. तिथे बुरूज मधल्या इमारतीत मिसळून गेलेले, आणि ओळीने खिडक्याच खिडक्या. एकच इमारत, पण परक्याला एक चेहरा आणि घरच्यांना दुसरा. आतली भिंत पातळ का, याचं एक कारण असं मानतात की उद्या वेस कोणी बळकावलीच, तर गावकऱ्यांना आपल्या बाजूने ती झटपट फोडता यावी. शहाणपणाचा विचार आहे. संरक्षणासाठी बांधलेली गोष्ट आपल्यावरच उलटू नये, याची तजवीज.

आणि शोभा? ती भाजलेल्या मातीची. उत्तर जर्मनीच्या या सपाट प्रदेशात बांधकामाला चांगला दगड मिळत नाही. त्यामुळे चर्च, वखारी, वेशी, सगळं विटांचं. पण विटेलासुद्धा किती नटवता येतं, ते इथे पाहावं. लाल विटांच्या मध्ये काळपट चकाकीच्या विटा आहेत. पूर्ण इमारतीला कमरपट्ट्यासारख्या वेढणाऱ्या नक्षीच्या दोन पट्ट्या आहेत. हातभर लांबीरुंदीच्या चौकोनी फरश्या ओळीने बसवलेल्या, कुठे तीन कमळवजा फुलं, कुठे जाळीची नक्षी, कुठे काटेरी झाडाची चार पानं. मध्येमध्ये शहराचा गरुड आणि झाडाचं चिन्ह. जवळून पाहिलं तर कळतं की या जवळपास सगळ्या फरश्या एकोणिसाव्या शतकात नव्याने घडवलेल्या आहेत. मूळच्या फक्त तीन शिल्लक राहिल्या होत्या. त्यावरून आणि अंदाजाने बाकीच्या केल्या. गाईड लोक हे लपवत नाहीत, ही मला आवडलेली गोष्ट.

इतकं सगळं सांगितलं, पण या वेशीची खरी गोष्ट पुढेच आहे. ती आहे तिला पाडायची की ठेवायची याची.

मुळात ही वेस एकटी नव्हती. पश्चिमेच्या या रस्त्यावर एकामागून एक चार दरवाजे होते. आपण पाहतो तो त्यातला एक. त्याच्या बाहेर १५८५ मध्ये एक नक्षीदार दरवाजा बांधला गेला, त्याच्याही पुढे नंतर आणखी एक, आणि नदीजवळ आतला एक. एकोणिसावं शतक उजाडलं तोवर तटबंदीचा उपयोग संपला होता. नव्या तोफांपुढे भिंती टिकत नव्हत्या, गाव वाढत होतं, गाड्याघोड्यांची कोंडी होत होती. मग एकेक करून दरवाजे पाडले गेले. १८५१ मध्ये आगगाडी आली आणि स्टेशन झालं ते या वेशीच्या अगदी शेजारी. १८५३ मध्ये तो १५८५ सालचा सुंदर दरवाजा रेल्वेच्या जागेसाठी गेला.

उरली ही एकच. आणि तीही वाकडी, भेगाळलेली, जमिनीत रुतत चाललेली. १८५५ मध्ये ६८३ नागरिकांनी सह्या करून अर्ज दिला की ही वेस पाडून टाका, रेल्वेच्या वाढीला जागा मोकळी करा.

त्या ६८३ जणांना आज अडाणी म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. ज्या माणसाला रोज तिथून माल न्यायचा आहे, त्याच्या दृष्टीने ती वेस म्हणजे रस्त्यातलं धोकादायक खोकं होतं. दुरुस्तीला पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याच सुमारास युरोपभर हेच चाललं होतं. व्हिएन्नात १८५७ मध्ये सम्राटाने तटबंदी पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी आजचा प्रसिद्ध वर्तुळाकार रस्ता झाला.

लांब कशाला, आपल्या मुंबईचं पाहा. १८६० च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. त्या तटाला तीन दरवाजे होते. अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. आज आपण चर्चगेट लोकल पकडतो, पण ते गेट कोणी पाहिलेलं नाही. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो दरवाजा होता, आणि तो जिथे होता तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. तट पाडल्यामुळेच मुंबईला श्वास घ्यायला जागा मिळाली, हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या इमारती झाल्या, हेही खरंच. पाडणं नेहमीच वाईट असं नाही. पण वेस गेली ती गेली. मागे फक्त तिकिटावरचं नाव राहिलं.

ल्युबेकमध्ये मात्र वाद लांबला. वेस ठेवा म्हणणारेही आता बोलू लागले होते. एक गट म्हणे, अडगळ आहे. दुसरा म्हणे, हीच आपली ओळख आहे. वर्षं जात होती आणि बुरूज खचत होते. शेवटी १८६३ मध्ये नागरिकांच्या प्रतिनिधींच्या सभेत प्रश्न मताला टाकला गेला. निकाल लागला तो फक्त एका मताच्या फरकाने. वेस पाडायची नाही, दुरुस्त करायची.

एक मत. त्या दिवशी ठेवण्याच्या बाजूचा एखादा प्रतिनिधी सर्दीतापाने घरी राहिला असता, कोणाच्या लग्नाला परगावी गेला असता, किंवा 'आपल्या एका मताने काय होणार' म्हणून दुकानातच बसला असता, तर आज त्या हिरवळीच्या जागी आणखी एखादं चौकोनी गोदाम असतं. पुढे हीच वेस जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर छापली गेली. २००६ मध्ये दोन युरोच्या नाण्यावर आली. तिच्यासकट ल्युबेकचं जुनं गाव १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. दुकानात बदाम आणि साखरेच्या मार्झिपान नावाच्या मिठाईची छोटी होल्स्टेनटोर मिळते. आमच्या नातवाने एक बुरूज तिथेच फस्त केला. चव आपल्या बदामाच्या बर्फीच्या जवळपास जाते. एका मताचं मोल असं नोटेवर, नाण्यावर आणि जिभेवर पाहायला क्वचितच मिळतं.

यातली आणखी एक गंमत मला स्टेशनच्या बाजूने विचार करताना सापडली. ज्या रेल्वेच्या सोयीसाठी वेस पाडा म्हणत होते, ते स्टेशनच पुढे तिथे राहिलं नाही. जागा अपुरी पडली म्हणून १९०८ मध्ये नवं स्टेशन आणखी पश्चिमेला बांधलं. आज आपण उतरतो ते हेच. म्हणजे अर्जावर सह्या झाल्यापासून पुरती पंचावन्न वर्षंही गेली नव्हती, आणि ज्यासाठी भांडण होतं ते कारणच उठून दुसरीकडे गेलं. गरज बदलते. ज्या गरजेसाठी आपण कायमची गोष्ट मोडतो, ती गरज किती वर्षांची आहे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला होता की नाही, देव जाणे. आपण विचारायला हरकत नाही.

मत पडलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. 'ठेवायची' म्हणणाऱ्यांनी आता खर्च उचलायचा होता. दुरुस्ती चालली ती १८७१ पर्यंत. त्यानंतरही खचणं पूर्ण थांबलं नाही. १९३३-३४ मध्ये पुन्हा मोठं काम काढावं लागलं, आणि तेव्हा कुठे झुकलेले बुरूज पक्के झाले. त्याच काळात सत्तेवर आलेल्या नाझींनी या वास्तूत आपल्या 'कीर्ती आणि गौरवा'चं दालन थाटलं. बिचारी वेस काय करणार? तिच्यात कोणी काय मांडावं, हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. १९४२ च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या रात्री, ब्रिटिश विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. सुमारे तीनशे माणसं गेली. सेंट मेरी चर्च जळालं आणि त्याच्या बुरुजातल्या अवजड घंटा खाली कोसळून फरशीत रुतल्या. त्या फुटक्या घंटा आजही जशा पडल्या तशाच ठेवल्या आहेत. पाहताना अंगावर काटा येतो. वेस त्या रात्री वाचली. १९५० पासून तिच्यात शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि २००५-०६ मध्ये तिची पुन्हा एकदा डागडुजी झाली. म्हणजे १८६३ च्या त्या एका मताची किंमत गाव अजून हप्त्याहप्त्याने भरतंच आहे.

आत अरुंद गोल जिना आहे. आमचे गुडघे सांभाळत आम्ही चढलो. जहाजांच्या प्रतिकृती आहेत, जुन्या गावाचा देखावा आहे. तोफेच्या खोलीतल्या फरशीवर उभं राहिलं की जमिनीचा उतार पायाला कळतो. नातवाने खिशातली गोटी काढून ठेवली आणि ती आपली आपण निघाली. एवढं एक प्रात्यक्षिक मला अर्ध्या तासाच्या व्याख्यानाच्या तोडीचं वाटलं. वेशीच्या पुढ्यात लोखंडाचे दोन मोठे सिंह बसवले आहेत. एक टक्क जागा, दुसरा गाढ झोपलेला. "एक दिवसपाळीचा आणि एक रात्रपाळीचा," आमची ही म्हणाली.

आता शेवटचं आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं. वेशीच्या गावाकडच्या बाजूला सोनेरी अक्षरांत चार अक्षरी संक्षेप आहे, 'ल्युबेकचं मंडळ आणि ल्युबेकची जनता' अशा अर्थाचा. रोमच्या धर्तीवर बनवलेला. खाली दोन वर्षं लिहिली आहेत, १४७७ आणि १८७१. त्यातलं १४७७ हे एका वर्षाने चुकलेलं आहे. वेस पुरी झाली १४७८ मध्ये, पण १८७१ मध्ये लोकांचा समज तसा होता. अक्षरं अजून तशीच आहेत. आपल्या सोसायटीच्या स्थापनेचं वर्ष नोंदणीचं धरायचं की ताब्याचं, यावर स्मरणिका समितीच्या दोन बैठका खर्ची पडल्या, असं ऐकतो. समितीला यातून थोडा दिलासा मिळावा.

बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, लॅटिनमध्ये लिहिलं आहे, 'कॉन्कॉर्डिया डोमी फोरिस पाक्स.' अर्थ असा की घरात एकोपा, बाहेर शांतता. ही ओळ मूळची या वेशीवरची नाही. १८५३ मध्ये जो पुढचा दरवाजा रेल्वेसाठी पाडला, त्याच्यावर ती होती, आणि जरा लांब होती. घरातला एकोपा आणि बाहेरची शांतता हीच सगळ्यांत सुंदर गोष्ट, अशा अर्थाची. दरवाजा गेला. पण १८७१ मध्ये दुरुस्ती पुरी करताना गावाने ती ओळ आठवणीने थोडक्यात करून या उरलेल्या वेशीवर कोरली. वास्तू गेली तरी वास्तूने सांगितलेलं राखता येतं, हे त्यातून मला कळलं.

आणि ओळीतला क्रम पाहा. आधी घरातला एकोपा, मग बाहेरची शांतता. साडेतीन मीटरच्या भिंती आणि तोफा बांधणाऱ्या माणसांनी हे लिहिलंय. त्यांना ठाऊक होतं की गाव पडतं ते बहुधा आतून. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर असमान खचण्याने.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. गच्चीची गळती, बेसमेंटच्या तुळयांचं उघडं पडलेलं लोखंड, लिफ्टचं रोजचं रडगाणं, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात रिडेव्हलपमेंटचे प्रस्ताव घेऊन दोघेतिघे बिल्डर येऊनही गेले. काही घरांना मोठी जागा हवी आहे आणि ते स्वाभाविक आहे. मुलांची लग्नं झाली, घर पुरत नाही. काही घरांत दोनच म्हातारी माणसं आहेत. त्यांना या वयात तीन वर्षं भाड्याच्या घरात जाऊन राहायची धास्ती वाटते, तीही स्वाभाविक आहे. दुरुस्ती की नवी बांधणी, याबद्दलचं माझं मत मी सभेत मांडीन. स्मरणिका ही त्याची जागा नव्हे. पण ल्युबेकहून तीन गोष्टी मी सोबत आणल्या आहेत, त्या इथे ठेवतो.

पहिली, सभेला या. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी कशी सुरू होते, ते आपण जाणतोच. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, आणि मग आहेत त्या मोजक्या सभासदांत कामकाज पुढे. आजवर प्रश्न वॉचमनच्या पगाराचे आणि पार्किंगच्या पट्ट्यांचे होते, म्हणून चाललं. यापुढचा प्रश्न छपराचा आहे. तो अठरा माणसांनी, चहा येईपर्यंतच्या वेळात ठरवण्यासारखा नाही.

दुसरी, जे ठेवायचं ठरवू त्याला पोसायचीही तयारी हवी. आपल्या मेंटेनन्सच्या बिलात 'सिंकिंग फंड' अशी एक ओळ असते. बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान पाव टक्का. ही ओळ पाहून कपाळावर आठी येते हे मी खजिनदार असताना पाहिलं आहे. इमारत जुनी होणारच, हे पहिल्या दिवसापासून मान्य करणारी तीच एक ओळ आहे. 'इमारत आमची आहे हो, पण खर्च तेवढा नको,' असं म्हणून कुठलीच वेस उभी राहिलेली नाही.

आणि तिसरी, उद्या समजा पाडायचं ठरलंच, तर तेही आनंदाने करू. पण मग काहीतरी वाचवून नेऊ. गेटजवळच्या कडुनिंबाखाली पहिल्या वर्षी बसवलेला कट्टा असो, गणपतीच्या मंडपाची जागा असो, की रात्री अडीच वाजता कोणाच्या घरी दुखलं-खुपलं तर शेजारच्या तीन दारांत दिवे लागायची रीत असो. नव्या इमारतीच्या नकाशात ही रीत आपोआप येत नाही. ती आपण आठवणीने कोरावी लागते.

आपल्या गेटवर आधीच पाच पाट्या आहेत. गेटसमोर वाहने लावू नयेत, विक्रेत्यांना प्रवेश नाही, वगैरे. सहावी लावा असं मी सुचवत नाही. पण घरात एकोपा आणि बाहेर शांतता, हे पाटी न लावताही पाळता येण्यासारखं आहे. गेली पंचवीस वर्षं, दोनचार पार्किंगची भांडणं सोडली तर, आपण ते बऱ्यापैकी पाळलं आहे. म्हणून तर ही स्मरणिका निघते आहे. सर्व सभासदांना, त्यांच्या मुलाबाळांना आणि आज आपल्यात नसलेल्या, पण या इमारतींसाठी पहिल्या दिवसांत अनवाणी धावपळ केलेल्या ज्येष्ठांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. येत्या सर्वसाधारण सभेत भेटूच. वेळेवर.

— बी विंगमधील एक सभासद